पिल्लांचे कुळशील

दरवर्षी दिवाळी सरून हवेत गारवा आला, की ओळखीपाळखीच्या मंडळींपैकी दोघेचौघे तरी कोंबड्या पाळावयाचे मनावर घेतात. कोणी निवृत्तीच्या रकमेतून गावाकडे चार पत्रे घातलेले असतात, कोणाला बागेतील किड्यांचा बंदोबस्त हवा असतो, तर कोणी केवळ नातवंडांच्या हट्टापुढे मान तुकविलेली असते. ही सर्व माणसे एकच प्रश्न घेऊन येतात: पिल्ले आणावीत कोठून? उबवणी केंद्रातून आणावीत, की जातिवंत कोंबड्या राखणाऱ्या एखाद्या पैदासकाराकडून? आपणांस एका वाक्यात उत्तर मिळावे, आणि जमल्यास सोबत एखादा दूरध्वनी क्रमांकही मिळावा, अशी विचारणाऱ्याची अपेक्षा असते. क्रमांक देणे सोपे आहे. परंतु ज्या दोन दुकानांची तुलना तो करू पाहतो ती दोन्ही दुकाने एकच माल विकीत नाहीत, ही गोष्ट त्याच्या ध्यानात आणून देण्यास मात्र थोडे बसावे लागते.

माझ्या आजीला हा प्रश्न कधी पडला नाही. राजापूर तालुक्यातील आमच्या घरी दहाबारा कोंबड्या सदैव असत, आणि त्यांतली एखादी खुडूक होऊन, पिसे फुलवून, जवळ जाणाऱ्याच्या हाताला टोचू लागली, की आजी तिला रवणाला बसविण्याची तजवीज करी. टोपलीत भाताचा पेंढा, त्यावर अकरा किंवा तेरा अशी विषम संख्येची अंडी, आणि ढगांच्या गडगडाटाने ती मरू नयेत म्हणून कडेला एक लोखंडी खिळा, असा तो सरंजाम असे. खिळ्याच्या गुणाविषयी मी साक्ष देऊ शकत नाही. परंतु त्या टोपलीत कोणाची अंडी जावयाची याविषयी आजीचा जाबता मोठा कडक होता: घार दिसताच जी पिल्लांना पंखाखाली ओढून घेई, जिची अंडी ठसठशीत असत आणि मागल्या पावसाळ्यात मानमोडीच्या साथीत शेजारपाजारचे खुराडे ओस पडले असतानाही जी तगून राहिली होती, तिचीच अंडी रवणाला, आणि जी कोंबडी आमचे दाणे खाऊन शेजाऱ्याच्या परड्यात अंडे घालून येई, तिचे अंडे सापडलेच तर थेट तव्यावर.

म्हणजे आजी एकाच टोपलीत दोन कामे उरकीत होती. कोणाची प्रजा वाढवावयाची आणि कोणाची खुंटवावयाची हे ठरविणे, हे एक काम. आणि ठरल्याप्रमाणे अंडी उबवून घेणे, हे दुसरे. गेल्या सव्वाशे वर्षांत या दोन कामांची फारकत झाली. उबवणी यंत्राकडे गेली आणि निवड दुसऱ्याच कोणाच्या तरी हाती गेली. आणि पिल्ले कोठून आणावीत हा आजचा प्रश्न त्या फारकतीतूनच उत्पन्न झालेला आहे.

यंत्राने अंडी उबविण्याची कल्पना मुळीच नवी नाही. मिसर देशात मातीच्या प्रचंड भट्ट्यांतून हजारो अंडी एकाच वेळी उबविण्याची विद्या शतकानुशतके कुळपरंपरेने चालत आली होती, आणि तिचा अभ्यास करून रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७४९ साली त्या विषयावर ग्रंथही लिहिला. परंतु ज्याला आज आपण पिल्लांचा व्यापार म्हणतो तो उभा राहिला तो पिल्लाच्या शरीरातील एका सोयीवर. अंड्यातून बाहेर पडण्यापूर्वी उरलेला बलक पिल्लू आपल्या पोटात ओढून घेते, आणि एवढ्या शिदोरीवर ते अन्नपाण्यावाचून दोन दिवस, वेळप्रसंगी तीन दिवसही, काढू शकते. निसर्गाने ही तरतूद केली ती आई शेवटचे अंडे फुटेपर्यंत टोपलीतून उठत नाही म्हणून. तिचा फायदा रेल्वेने घेतला. अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतातील स्टॉकटन गावच्या जोसेफ विल्सन या गृहस्थाने १८९२ साली एक दिवसाची पिल्ले आगगाडीने दूरच्या गिऱ्हाइकाकडे रवाना केली, आणि १९१८ साली तेथील टपाल खात्याने असली जिवंत पार्सले रीतसर स्वीकारावयास आरंभ केला. तेव्हापासून कोंबडी न पाळणाऱ्या माणसालाही कोंबड्या विकता येऊ लागल्या.

आपल्याकडे हा मामला सरकारी दप्तरातून आला. पुण्यास खडकीला, तसेच कोल्हापूर, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे राज्याच्या पशुसंवर्धन खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत, आणि ऱ्होड आयलंड रेड, ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प, गिरिराज, वनराज ही नावे खेड्यापाड्यांतील बायकांच्या तोंडी रुळली त्याचे बरेचसे श्रेय अशा केंद्रांना व त्यांच्या योजनांना द्यावयास हवे. खाजगी व्यवसायाने जोर धरला तो १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वर हॅचरीज स्थापन केल्यानंतर. आणि आज ज्यास आपण पोल्ट्री म्हणतो तो सारा विस्तार त्यानंतरचा. तथापि छोटा कोंबडीवाला त्यामुळे नाहीसा झाला, असे कोणी समजू नये. २०१९ च्या पशुगणनेत देशातील एकूण ८५ कोटी पक्ष्यांपैकी जवळजवळ ३२ कोटी परसातील होते, आणि २०१२ च्या मानाने परसातील पक्ष्यांची ही संख्या शेकडा ४६ ने वाढलेली होती. दिवाळीनंतर माझ्याकडे येणारी माणसे एकटी नाहीत, हे यावरून दिसेल.

आता प्रथम उबवणी केंद्राच्या बाजूने कैफियत मांडू, कारण हौशी मंडळींत त्याला नाके मुरडण्याची वहिवाट पडून गेली आहे. अंडी अठरा दिवस सेटरमध्ये आणि शेवटचे तीन दिवस हॅचरमध्ये. उष्णतामान शंभर अंश फॅरनहाइटच्या आसपास, त्यात एका अंशाचाही फरक खपवून घ्यावयाचा नाही. तासातासाला अंड्यांची कूस बदलावयाची. शेवटच्या तीन दिवसांत कूस बदलणे बंद करून हवेतील दमटपणा वाढवावयाचा. हे सारे यंत्र बिनबोभाट करते, आणि एकविसाव्या दिवशी सकाळी, तुम्ही महिनाभर आधी बयाणा भरून नोंदविली असतील तेवढी, एकाच वयाची पिल्ले तुमच्या हाती पडतात. एकाच वयाची या दोन शब्दांची किंमत, पाच निरनिराळ्या रवणांची पिल्ले एका खुराड्यात वाढवू पाहून ज्याने मोठ्यांच्या चोचींखाली लहान गमावली आहेत, त्यालाच कळेल.

पण केंद्राचे खरे बळ लसीत आणि रक्ततपासणीत आहे. मरेक्स हा रोग पायांतील नसांना धरून पक्ष्याला लुळा करतो. त्याची लस पिल्लू जन्मल्या दिवशीच, मानेच्या कातडीखाली, टोचावी लागते. तिची कुपी बहुधा हजार मात्रांची असते, आणि एकदा द्रावणात मिसळली की ती तास-दोन तासांत संपवावी लागते. ज्याच्याकडे महिन्याला चाळीस पिल्ले निघतात त्या पैदासकाराने हजारांची कुपी फोडून नऊशे साठ मात्रा ओतून द्याव्यात, असे म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात तो फोडीत नाही. दुसरी गोष्ट पांढऱ्या हगवणीची. हा रोग मादीच्या अंडाशयातून अंड्यात आणि अंड्यातून पिल्लात उतरतो, सबब पिल्लाची कितीही निगा राखली तरी आईचे रक्त तपासल्यावाचून त्याचा निकाल लागत नाही. अमेरिकेने १९३५ साली राष्ट्रीय सुधारणा योजना काढली तिचा मूळ रोख याच रोगावर होता. तपासणी म्हटली तर अगदी साधी आहे: पांढऱ्या फरशीवर कोंबडीच्या रक्ताचा एक थेंब, त्यात रंगीत अँटिजेनचा एक थेंब, काडीने ढवळावयाचे, आणि दोन मिनिटांत गुठळ्या धरल्या तर ती कोंबडी पैदाशीतून बाद. चांगल्या केंद्रांतून पिल्लांच्या आईबापांची अशी तपासणी होते. नामांकित पैदासकारांपैकी किती जणांनी ती फरशी पाहिली आहे, हे ज्याने त्याने विचारून घ्यावे. मी विचारले तेव्हा तिघांपैकी दोघांनी मला चहा घेण्याचा आग्रह केला.

यापलीकडे केंद्राच्या पिल्लाविषयी जे समजून घ्यावयास हवे, ते दोषाच्या सदरात पडत नाही; ते त्या पिल्लाचे स्वरूपच आहे. व्यापारी कोंबडी ही जात नव्हे, तो एक मेळ आहे. दोन किंवा चार शुद्ध वंशरेषा स्वतंत्र राखावयाच्या, त्यांचा ठरावीक क्रमाने संकर करावयाचा, आणि शेवटच्या संकरात जो जोम प्रकट होतो तो विकावयाचा, ही युक्ती मक्याच्या शेतातून आली. अमेरिकेचे पुढे उपराष्ट्राध्यक्ष झालेले हेन्री वॉलेस यांनी संकरित मक्याची कंपनी काढली होती आणि १९३० च्या दशकात तीच रीत कोंबड्यांना लावली. संकरित मक्याचे दाणे पुन्हा पेरले तर जसे पीक एकसारखे येत नाही, तसेच अशा कोंबड्यांची अंडी उबवून घेतली तर पुढच्या पिढीत कोणी आजावर, कोणी आजीवर, आणि बरेचसे कोणावरच जात नाहीत. वनराज किंवा गिरिराज घेणाऱ्या शेतकरी भगिनीला पहिल्या वर्षी मिळालेली अंडी पाहून जो आनंद होतो, तो तिसऱ्या वर्षी, तिने घरीच काढलेल्या पिल्लांच्या वेळी, ओसरतो. आणि ती म्हणते, सरकारी जात उतरली. जात उतरलेली नसते. मेळ मोडलेला असतो. हे तिला पिल्ले देतानाच कोणी सांगितले असते, तर तिने फिर्याद केली नसती, आणि तीन वर्षांनी पुन्हा नोंदणी करावयाची ही गोष्ट हिशेबात धरली असती.

याच ओघात सांगावयास हरकत नाही, की यंत्राच्या राज्यात खुडूक होणे हा गुण राहिला नाही, तो दुर्गुण ठरला. कारण खुडूक कोंबडी अंडी देण्याचे थांबविते. पिढ्यानुपिढ्या असल्या कोंबड्या बाजूस सारल्या गेल्या, आणि आजच्या अंडी देणाऱ्या संकरित कोंबडीला रवणाला बसणे म्हणून काही असते याची फारशी आठवणच राहिलेली नाही. गिऱ्हाइकाने पुन्हा आपल्याच दारी यावे अशी व्यवस्था मालातच करून ठेवण्याचे भाग्य फार थोड्या व्यापाऱ्यांना लाभते.

आता पैदासकार. या शब्दाखाली आपल्याकडे इतके निरनिराळे इसम वावरतात, की प्रथम त्यांची वर्गवारी करण्यावाचून गत्यंतर नाही. कोणी असील राखतात. हे बहुधा पिढीजात शौकीन, आणि झुंजी लावणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरलेले असताही त्यांतील सर्वांचे कोंबडे केवळ शोभेसाठी असतात, असे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. कोणी कडकनाथवाले आहेत. त्यांच्याकडे पुढे वळावयाचेच आहे. फार थोडे असे आहेत, की जे आपल्या टापूतील मूळची जात, जसे नवापूर-साक्रीकडची आणि गुजरातच्या लगतच्या मुलखातली बुसरा, ती जपण्याच्या बुद्धीने जपतात. या सर्वांत समान गोष्ट ही, की त्यांच्या पक्ष्यांची संतती आईबापांसारखी निपजते, आणि एकदा घेतलेला वंश तुम्ही स्वतः पुढे चालवू शकता. केंद्राकडून तुम्ही एका हंगामाचे पीक घेता. पैदासकाराकडून बियाणे घेता.

परंतु बियाणे कशासाठी निवडले, हे पाहिल्यावाचून घेऊ नये. ऱ्होड आयलंड रेडची कथा या बाबतीत मोठी उद्बोधक आहे. न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यांनी अंडी व मांस दोहोंसाठी घडविलेली ही कोंबडी १९०४ साली तेथील प्रदर्शनांच्या मानक ग्रंथात दाखल झाली, आणि त्यानंतर तिची दोन घराणी झाली. प्रदर्शनवाल्यांनी रंगाचा ध्यास घेतला. लाल अधिकाधिक गडद, जवळजवळ काळसर महोगनीसारखा होत गेला, आणि अंडी कमी झाली. उलटपक्षी, केंद्रांनी अंड्यांचा ध्यास घेतला. अंडी वाढली, रंग विटकरी झाला, अंगलट हलकी झाली. दोन्ही कोंबड्यांचे नाव एकच. जो मनुष्य पदकविजेत्या कोंबड्याची पिल्ले या भरवशावर घेतो की ती अंडीही तशीच देतील, तो कोणाकडूनही फसविला गेलेला नसतो. ज्या गुणाची निवड कोणी केलीच नाही तो गुण त्याने गृहीत धरलेला असतो.

निवडीचा दुसरा शत्रू म्हणजे अल्पसंख्या. बहुतेक हौशी पैदासकार एक देखणा कोंबडा आणि सात-दहा कोंबड्या राखतात, आणि पुढील वर्षी त्याच कोंबड्याचा मुलगा त्याच्याच बहिणींवर सोडतात. अनुवंशशास्त्राचा याविषयीचा हिशेब मोठा निर्दय आहे. एक नर व दहा माद्या अशा अकरा पक्ष्यांचा कळप, रक्ताच्या दृष्टीने पाहता, चार पक्ष्यांच्याही भरीला येत नाही. त्यात अंतःप्रजनन दर पिढीला सुमारे शेकडा पावणेचौदाने वाढते. त्याच दहा माद्यांना पाच नर ठेवले, तर ते पावणेचारावर येते. म्हणजे जातीचा नाश टाळण्यासाठी चार जादा कोंबड्यांचे दाणे आणि चार जादा कोंबड्यांची बांग सोसावी लागते, आणि शेजारी असलेल्या माणसाला या दोहोंत कोणते महाग ते सांगावयास नको. चार-पाच पिढ्यांनी वांझ अंडी वाढतात, एकविसाव्या दिवशी पिल्ले अंड्यातच गुदमरतात, आणि पैदासकार यंत्राला दोष देतो.

असे असताही चांगला पैदासकार कसा असतो, ते मी एकदा पाहिले आहे. कऱ्हाडजवळच्या एका खेड्यात असील राखणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडे मी गेलो होतो. उसाच्या फडाच्या कडेला बाभळीच्या सावलीत तीन स्वतंत्र वाडे, प्रत्येकात दोन-तीन कोंबडे व सहा-सात कोंबड्या, प्रत्येक पक्ष्याच्या पायात रंगीत कडे. दरवर्षी पहिल्या वाड्यातले तरणे कोंबडे दुसऱ्यात, दुसऱ्याचे तिसऱ्यात, तिसऱ्याचे पहिल्यात. तलंगा मात्र आपल्याच वाड्यात राहावयाच्या. ही रीत त्यांना कोणी शिकविली असे विचारता, घरच्या सोयरिकी कशा जमवतात ते पाहिले, एवढेच ते म्हणाले. मग त्यांनी वही आणली. किराणा दुकानात मिळते तसली लांबट वही. एका पानावर एक कोंबडा. आई, बाप, जन्माचा पंधरवडा, वजन. शेवटचा रकाना पाहून मी थबकलो. त्याचे शीर्षक होते, ‘का काढला’. कोणाची छाती अरुंद, कोणाचा तुरा उभा, कोणी दोनदा सर्दीने धरला, कोणी पिल्लांवर धावतो. पाने उलटीत गेलो तसे दिसले, की राखलेल्यांपेक्षा काढलेल्यांची नोंद कितीतरी मोठी आहे. विक्रीच्या वेळी आपल्या उत्तम पक्ष्यांची छायाचित्रे सारेच दाखवितात; ज्यांची प्रजा आपण वाढू दिली नाही त्यांचा दस्तऐवज दाखविणारा मनुष्य मला तोपर्यंत भेटला नव्हता.

मी पंचवीस पिल्ले मागितली. त्यांनी ती दिली नाहीत. “पावनं, पिल्लं नगा नेऊ. अंडी न्या. तुमच्याकडं एखादी खुडूक असंल, तिच्याखाली निघू द्यात. म्हंजी तुमच्या मातीची हुतील.” मातीची या शब्दाचा अर्थ मला पुढे लागला, आणि त्याचा उलगडा ओघाने येईल.

कडकनाथाची गोष्ट याच्या अगदी उलट टोकाची. झाबुआ व त्याच्या लगतच्या मुलखातील भिल्ल-भिलालांची ही कोंबडी. कातडी, मांस, हाडांवरील पापुद्रा, सारे काळे. अंडी मात्र, बाजारात काहीही सांगोत, काळी नसतात, फिकट तपकिरी असतात. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले आणि जिकडेतिकडे एकच झुंबड उडाली. काळेपणाचा हा गुण प्रभावी असल्यामुळे कडकनाथ कोंबडा कोणत्याही कोंबडीवर सोडला तरी पिल्लांत पुष्कळसा काळेपणा उतरतो, आणि ज्याने जिभेचा रंग व तळपाय पाहिले नाहीत त्याच्या गळ्यात संकर बांधणे अगदी सोपे होते. तशात सांगली-कोल्हापूरकडे २०१९ च्या सुमारास, पिल्ले आमच्याकडून घ्या आणि अंडी व पक्षी आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ, अशा करारांच्या योजना कोसळल्या आणि शेकडो शेतकरी पोलीस ठाण्यांच्या पायऱ्या झिजवू लागले. तेथे जो विकला गेला त्यास कोंबडी म्हणणे कठीण आहे. तो पुढच्या गिऱ्हाइकाचा मक्ता होता. उलट झाबुआच्या कृषि विज्ञान केंद्रात आणि तेथील काही शेतकऱ्यांकडे खरा वंश मिळतो. पण तेथेही नशिबाचा भाग असतोच. महेंद्रसिंग धोनी यांनी रांचीसाठी तिकडे २,००० पिल्ले नोंदविली, तीही २०२१ च्या आरंभी बर्ड फ्लूने आडवी आली म्हणून लांबणीवर पडली.

या दोघांखेरीज तिसरा एक विक्रेता आहे, आणि पहिल्या खेपेस फसणारे बहुतेक लोक त्याच्याच हाती लागतात. तो उबवीतही नाही आणि निवडीतही नाही. तो आणतो आणि विकतो. तरुणपणी एका आठवडी बाजारात मी अशाच एका इसमाकडून गावरान म्हणून तीस पिल्ले घेतली. सगळी पिवळीधमक. गावरान पिल्लांत काळी, करडी, पट्ट्यापट्ट्यांची अशी सरमिसळ असावयास हवी एवढे ज्ञान मला होते, आणि तशी शंकाही मी काढली. तेव्हा “मोठी झाली की रंग धरतात, साहेब,” असे त्याने मोठ्या मायेने सांगितले. रंग धरला तो एकच, पांढरा. चार मरून सव्वीस उरली होती, आणि चौथ्या महिन्यात एके दिवशी पहाटे चार वाजता त्या सव्वीसांनी एकसमयावच्छेदेकरून बांग दिली. अंडी देणाऱ्या पांढऱ्या लेअर कोंबड्यांचे ते भाऊ होते. अशा वंशाच्या पिल्लांचे पहिल्याच दिवशी लिंगनिदान होते, आणि अंडी न देणाऱ्या व मांसही न धरणाऱ्या नरांना केंद्राच्या लेखी काही किंमत नसल्यामुळे ते कवडीमोलाने बाहेर पडतात. जत्रेत गुलाबी-हिरव्या रंगात बुचकळून मुलांना विकले जातात ते हेच. केंद्राने मला फसविले नव्हते, पैदासकारानेही नाही. परंतु त्यानंतर पुष्कळ दिवस मी केंद्रांच्या नावाने बोटे मोडीत होतो.

माल कोठूनही घ्या, तो हातात घेऊन पाहण्यास मात्र संकोच करू नये. शंभर पिल्लांचा पुठ्ठ्याचा खोका असतो, आत पंचवीस-पंचवीसांचे चार कप्पे, कडेला हवेची भोके, आणि बहुधा शेकडा दोन पिल्ले जादा. झाकण काढताच जो किलबिलाट होतो त्याची जात ओळखता आली पाहिजे. समाधानी पिल्ले बारीक, तुटक चिवचिवतात, गारठलेली किंवा तहानलेली एका सुरात मोठ्याने ओरडतात. एक पिल्लू उचलावे. बेंबी बुजलेली, कोरडी असावी. काळी गाठ किंवा ओलसर दोरा दिसला तर त्या खेपेला मर लागणार असे समजावे. पायांची कातडी चकचकीत असावी. ती सुरकुतली असेल तर पिल्लू खोक्यात फार वेळ राहिले आहे. मग तळहातावर उताणे ठेवावे. निरोगी पिल्लू दोन-तीन सेकंदांत उलटते. घरी आणल्यावर आधी गूळपाणी, दोन तासांनी कागदावर मक्याचा भरडा, पहिल्या आठवड्यात पंचाण्णव अंशांची ऊब आणि पुढे दर आठवड्यास पाच अंश कमी, पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लस डोळ्यात. एवढे ज्याच्याने होणार नाही त्याने एक दिवसाची पिल्ले घेऊच नयेत. त्याच्यासाठी संगोपन केंद्रे आहेत, जेथे पिल्ले चार-सहा आठवडे सांभाळून मग विकतात. त्यांना पैसे जास्त पडतात. परंतु पहिल्या तीन आठवड्यांतील मर दुसऱ्याच्या खात्यावर पडते. वनराजासारखे पक्षी परसात सोडण्यापूर्वी असेच वाढविलेले असावेत अशी तज्ज्ञांची शिफारसही आहे.

आणि दोन्ही ठिकाणचा माल एकत्र करू नये, ही गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली. पैदासकाराच्या कोंबड्या पुष्कळ दुखणी सोसून तगलेल्या असतात, आणि तगलेला पक्षी कित्येकदा ते दुखणे अंगात बाळगून असतो. स्वतः शिंकत नाही, दुसऱ्यास शिंकवतो. केंद्राची पिल्ले स्वच्छ, पण कोऱ्या पाटीची. दोघांना एका खुराड्यात घातले, की आठ-दहा दिवसांनी कोरी पिल्ले माना टाकू लागतात आणि मालक दोन्ही विक्रेत्यांना दूषणे देतो. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू उघडकीस आला तो नवापुरास, म्हणजे बुसरा कोंबडीच्याच मुलखात, आणि तेव्हा मोठ्या पोल्ट्र्यांबरोबर सभोवारच्या परसांतील कोंबड्याही माराव्या लागल्या. जी जात एकाच टापूत वसते तिचे सारे बियाणे अशा एका आठवड्यात संपू शकते. तेव्हा पैदासकार जर दोन जिल्ह्यांत विखुरलेले असतील तर ती जातीची विमापॉलिसीच म्हणावयाची.

तर ज्याला या वर्षी अंडी हवी आहेत, हिशेब रोजकीर्दीप्रमाणे जुळावयास हवा आहे, त्याने डोळे मिटून चांगले उबवणी केंद्र गाठावे, लसीचा दाखला मागावा, आणि तीन वर्षांनी पुन्हा तेथेच जाण्याची तयारी ठेवावी. त्यात कमीपणा काही नाही. ज्याला एखादी जात आपल्या दारी नांदवावयाची आहे त्याने पैदासकाराकडे जावे, पण पक्ष्यांच्या आधी वही पाहावी, नर किती आहेत ते मोजावे, आणि शक्य तर पिल्लांऐवजी अंडी आणावीत. अंड्याच्या कवचातून येणारी दुखणी थोडी; पिल्लाच्या पायांना, नाकाला, पिसांना चिकटून येणारी पुष्कळ. शिवाय आपल्याच कोंबडीच्या पंखाखाली निघालेले पिल्लू पहिल्या दिवसापासून आपल्याच अंगणातील माती उकरते, तिच्यातील जंतूंशी थोडीथोडी ओळख करून घेते, आणि पुढे त्याच दुखण्यांना पुरून उरते. मातीची होतील ते हे.

त्या वृद्ध गृहस्थांनी दिलेली अकरा अंडी मी भाताच्या तुसात दडवून, बिस्किटांच्या डब्यातून, मांडीवर घेऊन एस.टी.ने आणली. घरी एक करडी गावरान खुडूक बसली होती. सातव्या रात्री अंडी दिव्यापुढे धरून पाहिली. दोन वांझ निघाली. एकविसाव्या दिवशी उरलेल्या नवांपैकी आठ फुटली. किराणा दुकानातून लांबट वही आणून मी आठ पाने आखली, आणि पाचव्या आठवड्यात त्यांतील सर्वांत देखण्या, सर्वांत धीट कोंबड्याच्या पानावर शेवटच्या रकान्यात पहिली नोंद केली: ‘डाव्या पायाचा अंगठा वाकडा’.